प्रौढ मुलाचे व्यसन आणि आईवडिलांनी आखायच्या मर्यादा

ताई, आपला एकतीस वर्षांचा मुलगा दारूपायी नोकरी गमावून घरी बसला आहे, मोबाइल अ‍ॅपवरून काढलेली त्याची कर्जे आपले यजमान निवृत्तिवेतनातून फेडत आहेत आणि पैसे नाकारले की तो जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा करतो, असे आपण लिहिले आहे. माझा मुलगाही याच वाटेने गेला होता आणि व्यसनी माणसांच्या कुटुंबीयांच्या बैठकांना मी अनेक वर्षे जात आहे, म्हणून हे सविस्तर लिहितो.

मुलाकडून शपथ घेणे म्हणजे मर्यादा घालणे नव्हे. आईच्या डोक्यावर हात ठेवून तो ‘आता पिणार नाही’ म्हणतो तेव्हा त्याच्या मनात बहुधा तसेच असते, पण तलफ उठली की शपथ टिकत नाही आणि मग घरात खोटेपणाचा आणखी एक आरोप तेवढा वाढतो. आपल्या हातात आहे ते आपले वागणे. कर्ज फेडणार नाही, जामीन राहणार नाही, रोख रक्कम देणार नाही. मात्र दोन वेळचे जेवण मिळेल आणि उपचारांचा खर्च थेट रुग्णालयात भरला जाईल, एवढे त्याला सकाळी, तो शुद्धीत असताना, आवाज न चढवता सांगावे. त्याआधी आपण दोघांनी एकमत करावे, कारण वडिलांनी नकार द्यायचा आणि आईने डब्यातले पाचशे रुपये गुपचूप काढून द्यायचे, हे ज्या घरात चालते तिथे कोणतीच मर्यादा उभी राहत नाही. वडील जामीनदार नसतील, तर सज्ञान मुलाच्या कर्जाची कायदेशीर जबाबदारी त्यांच्यावर येत नाही, हे वसुलीच्या फोनवर शांतपणे सांगता येते.

आत्महत्येच्या धमकीला नाटक समजू नये आणि तिच्यापोटी पैसेही देऊ नयेत. ती ऐकली त्याच दिवशी त्याला एकटे न सोडता मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यावे, किंवा शासनाच्या टेली-मानस सेवेला १४४१६ या क्रमांकावर फोन करावा. ही सेवा चोवीस तास चालते.

खोलीत कोंडून दारू सोडवण्याचा सल्ला कोणी दिला, तर कृपा करून ऐकू नका. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकाएकी तुटली की पुढच्या दोन-चार दिवसांत झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो आणि प्रसंगी जीवही जाऊ शकतो. म्हणून दारू थांबवायची ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. पुण्याचे मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून हेच काम करीत आहे.

‘लग्न करून द्या, आपोआप मार्गाला लागेल’ असे आपल्या नणंदबाई म्हणतात, ते मला सर्वांत जास्त खटकले. ज्याचे पिणे आईवडिलांना थांबवता आले नाही, ते परक्या घरातून आलेल्या मुलीने थांबवावे, ही अपेक्षाच अन्यायाची आहे. आपल्या ओळखीतल्या कोणाही मुलीच्या बाबतीत आपण हे होऊ देणार नाही, मग दुसऱ्याच्या मुलीच्या बाबतीत का?

हात उगारला गेला, तर मात्र थांबू नका. ११२ वर पोलिसांना बोलवा. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली आईलाही मुलाविरुद्ध संरक्षण मागता येते आणि आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्यासाठी २००७ चा स्वतंत्र कायदा आहे. राहते घर बक्षीसपत्राने मुलाच्या नावावर करण्याचा विचार असेल, तर तो सध्या पूर्णपणे बाजूला ठेवा.

तो उपचारांना नाही म्हणाला, तरी आपण दोघांनी अल-अ‍ॅनॉनच्या बैठकांना जायला सुरुवात करावी. त्या व्यसनी माणसाच्या नातेवाइकांसाठीच असतात, तिथे शुल्क घेत नाहीत आणि आपण जाण्यासाठी मुलाच्या होकाराची गरज नसते. पहिल्या बैठकीला यजमान तयार झाले नाहीत, तर आपण एकट्या जा.