ब्लू-ब्लॅक शाई लिहिताना एका रंगाची आणि वाळल्यावर दुसऱ्याच रंगाची का दिसते?

तुमच्या दोन बाटल्या दोन दिशांना जातात, उत्तर त्यातच आहे. तुम्ही लिहिलंय की फाउंटन पेनची एक ब्लू-ब्लॅक शाई लिहिताना चांगली निळी असते आणि दुसऱ्या दिवशी काळपट होते. दुसरी ओली असताना गडद दिसते आणि वाळली की फिकी, वर जराशी हिरवट झाक. यातली कुठलीही शाई खराब झालेली नाही. पहिलीत लोखंड आहे, दुसरीत नुसते रंग आहेत, आणि दोन्ही जाती एकाच नावाने विकल्या जातात.

आधी लोखंडाची, कारण खरी गंमत तिच्यातच आहे. हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, आणि मायफळासारख्या तुरट वस्तूंतून निघणारं टॅनिन, हा तिचा गाभा. ही दोन एकत्र आली की सुरुवातीला जे तयार होतं ते पाण्यात विरघळलेलं राहतं आणि त्याला स्वतःचा फारसा रंग नसतो. हवेतला ऑक्सिजन लागला की फेरसचं फेरिक होतं. मग टॅनिनबरोबर काळं, पाण्यात न विरघळणारं संयुग बनतं आणि ते कागदाच्या तंतूंत अडकून बसतं. हा प्रकार आपल्या स्वयंपाकघरात नवा नाही. लोखंडी विळीवर आवळा चिरला की फोडी काळ्या पडतात, आणि केसांना लावायचा आवळा-मेंदीचा लेप मुद्दाम लोखंडी कढईत रात्रभर ठेवतात, तो याच क्रियेसाठी. शाईत मात्र ती बाटलीत होऊन चालत नाही, कागदावरच व्हायला हवी. म्हणून शाई आम्लधर्मी ठेवतात, त्याने लोखंड विरघळलेलं राहतं.

मग निळा रंग कशाला? अशी ताजी शाई इतकी फिकट असते की आपण काय लिहितोय ते नीट दिसणार नाही. तेवढ्या वेळेपुरता निळा रंग घातलेला असतो. पूर्वी शाई आधीच काळी करून विकायची पद्धत होती, पण मग गाळ खाली बसायचा आणि टाकात अडकायचा. लंडनचे डॉक्टर हेन्री स्टीफन्स यांनी १८३२ मध्ये शाईचा धंदा सुरू केला आणि ‘ब्लू-ब्लॅक रायटिंग फ्लुइड’ नावाने निळी उतरून काळी होणारी शाई विकली. ब्रिटनमध्ये जन्म-मृत्यू-विवाहाच्या नोंदवह्यांना अशीच शाई वापरली जायची, ‘रजिस्ट्रार्स इंक’ हे नाव तिथलंच. आज मिळणाऱ्यांत जपानच्या प्लॅटिनमची ब्लू-ब्लॅक आणि पेलिकनची ४००१ ब्लू-ब्लॅक या जातीच्या आहेत.

हा बदल पाहायचा असेल तर जाड, ओलं लिहिणारी निब घ्या आणि देवनागरीत सावकाश एक ओळ लिहा. शिरोरेषा एका फटक्यात ओढली जाते, तिथे शाई कमी पडते, ती आधी वाळते आणि आधी गडद होते. काना संपतो तिथे पेन क्षणभर टेकतं आणि शाईचा थेंब साचतो. तो बराच वेळ चकचकीत निळा राहतो. ओळीच्या शेवटी पोहोचेपर्यंत पहिल्या शब्दाची चमक मावळलेली असते. पण पहिल्या मिनिटातला हा फरक बराचसा नुसता वाळण्याचा. खरं काळं पडणं पुढे काही तास, कधी काही दिवस चालू राहतं. आणि शेकडो वर्षांनी हीच शाई तपकिरी होते, आम्ल नि लोखंड कागदही खातात. जर्मन संगीतकार बाखच्या हस्तलिखितांची अशीच चाळण होत होती. बर्लिनच्या स्टेट लायब्ररीला ती वाचवायला बरीच मेहनत घ्यावी लागली. मायफळाची आजची पेनची शाई त्या मानाने फारच सौम्य असते, तेव्हा डायरीची काळजी नको.

तुमची दुसरी बाटली. पार्करची क्विंक ब्लू-ब्लॅक घ्या किंवा तसली दुसरी कुठलीही, यांत दोन-तीन रंग मिसळलेले असतात. ओल्या शाईवर पाण्याचा थर असतो म्हणून ती खोल, गडद दिसते. पाणी उडालं की कागदाचे तंतू प्रकाश विखुरतात आणि तोच रंग फिका वाटतो. शिवाय सगळे रंग कागदात सारखे मुरत नाहीत. आजच्या बऱ्याच कागदांत चुनखडीची भुकटी असते, कागद थोडा अल्कधर्मी असतो आणि शाईतले काही निळे रंग त्याने बदलतात. पुढे उजेडात एक रंग लवकर उडतो, एक टिकतो. हिरवट झाक येते ती बहुतेक वेळा यातून. एकाच शाईने दोन वेगळ्या वह्यांत लिहून बघा, दोन शाया वाटतील.

लेबलवर घटक लिहिलेले नसतात, तेव्हा घरीच तपासा. दोन ओळी लिहा, एक दिवस तसंच ठेवा आणि कागद अर्धा नळाखाली धरा. निळं वाहून गेलं आणि मागे करडी-काळी रेघ स्वच्छ उरली, तर लोखंड आहे. नुसता डाग उरला किंवा काहीच उरलं नाही, तर रंगाची शाई. काही रंगाच्या शायाही पाण्याला चांगल्या टिकतात, त्यामुळे ही परीक्षा शंभर टक्के नाही.

कोणती कशाला वापरायची, हेही विचारलंत. सही, अर्ज, कागदपत्रं यांना मी लोखंडाचीच घेईन. स्टेनलेस निबचं पेन असेल आणि रोज लिहीत असाल तर काही बिघडत नाही, पण महिनाभर पेन भरून कपाटात टाकायचं असेल तर ती नको. आत वाळली तर नुसत्या पाण्याने धुऊन निघत नाही. दुसऱ्या शाईत मिसळू नका, आम्लपणा कमी झाला की लोखंड खाली बसतं आणि फीड, म्हणजे निबेला शाई पोचवणारा भाग, तुंबतो. बाटलीच्या तळाशी काळा गाळ जमलेला दिसला तर ती बाटली सोडून द्या, हलवून वापरायचा मोह नको. आणि पेन धुतल्यावर पाणी आत राहिलं असेल तर पहिलं पान फिकं येतंच, त्यावरून शाईला नावं ठेवू नका.