डावी कड, रात्री 2.10

“मॅडम, घरच्यांशी विचारच जुळत नसतील तर नातं टिकवायचं कसं? दर वेळी आपणच गप्प बसायचं का?” समुपदेशनाच्या कामात महिन्यातून दोन-तीनदा तरी हा प्रश्न माझ्यासमोर येतो. कधी राजकारणावरून, कधी जातीबाहेरच्या लग्नावरून, कधी देवाधर्मावरून. हल्ली मी उत्तरादाखल दोन भावांची हकिगत सांगते. त्यांची परवानगी आहे, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

थोरला दिंडोरी तालुक्यात द्राक्षबाग करतो. गळ्यात माळ, वर्षाची वारी. धाकटा सातपूरला कारखान्यात शिफ्ट करतो, सिडकोत राहतो. तो देव मानत नाही आणि ते लपवतही नाही. आई महिनाभर मळ्यात, महिनाभर सिडकोत. माझ्याकडे आधी तीच आली. झोप नाही, छातीत धडधड. ईसीजी ठीक निघाला, तेव्हा डॉक्टरांनी इकडे पाठवलं. दहा मिनिटांत कळलं, की मुलगे आठ महिने एकमेकांशी बोललेले नाहीत आणि सगळे निरोप हिच्या तोंडून जातात. “दादाला सांग, खताचे पैसे टाकलेत.” “त्याला म्हणावं, मिळाले.” आमच्या क्षेत्रात याला त्रिकोण म्हणतात. दोघांतला ताण दोघांना पेलेनासा झाला की तिसरं माणूस मधे ओढलं जातं. मग ते दोघे झोपतात आणि तिसऱ्याची झोप उडते.

मी आईला म्हटलं, आजपासून निरोप न्यायचा नाही, आणि दोघांना बोलावून घेतलं. थोरला ऐन गोडी छाटणीतून वेळ काढून आला.

भांडण असं होतं. वडील, म्हणजे अण्णा, माघात गेले. दशक्रिया गंगेवर, रामकुंडाशी. (नाशिककराच्या तोंडी गोदावरी क्वचितच येते, आमची ती गंगाच.) धाकट्याने केस उतरवले नाहीत, तो लांब पायऱ्यांवर उभा राहिला. पिंडाला कावळा शिवेना. अर्धा तास झाला, ऊन चढलं, आणि नात्यातलं कुणी तरी मोठ्याने म्हणालं, “धाकट्यापायी जीव अडकलाय.” थोरला काहीच बोलला नाही. धाकट्याला त्या नातेवाइकाचा राग नव्हता. दादा गप्प बसला, याचा होता.

पण हे पुढे कळलं. पहिल्या बैठकीत नुसता वाद झाला. धाकटा म्हणाला, “1930 च्या 2 मार्चला बाबासाहेबांनी काळाराम मंदिरासाठी सत्याग्रह सुरू केला. पाच वर्षं चालला तरी दार उघडलं नाही. त्याच काठावर मी डोकं टेकवू?” थोरला म्हणाला, “मग चोखोबा कुणाचे?” दोघांचंही खरं होतं, पण खोलीतलं दुखणं वेगळंच होतं. ते शोधायचं सोडून मी घाईने तोडगा सुचवला, की वर्षश्राद्धाला विधी आटोपशीर करा आणि अण्णांच्या नावाने मळ्यात झाड लावा. आठ महिन्यांत पहिल्यांदा भावांचं एकमत झालं: हे नको. थोरल्याला ती देवाची फसवणूक वाटली, धाकट्याला अण्णांची. वीस वर्षं हे काम करूनही अर्धं-अर्धं वाटून द्यायचा मोह सुटत नाही.

दुसऱ्या बैठकीला मी विधीचा विषयच काढला नाही. अण्णा पक्षाघाताने चौदा महिने अंथरुणावर होते. तेव्हाही एक माळकरी आणि एक नास्तिकच होता ना? मग ते दिवस कसे निभावले? दोघेही घुटमळले. मग आईने पिशवीतून एक वही काढली. शंभर पानी, कोपरे दुमडलेली, हळदीचे डाग पडलेली.

अंगाला जखमा होऊ नयेत म्हणून अण्णांची दर दोन तासांनी कड बदलायची होती. दिवसा थोरला आणि त्याची बायको, रात्री शिफ्ट नसेल तेव्हा धाकटा सिडकोहून येऊन. या कड बदलण्याच्या दोघांच्या नोंदी वहीत होत्या. ‘डावी कड, रात्री 2.10. पाणी दोन चमचे. हसले.’ ‘उजवी, 4.15. टाचेला लालसर, दादा बघ.’ ‘बघितलं, तेल लावलं.’ पानंच्या पानं. बोलण्यात एवढे वाकडे असलेले भाऊ लिहिताना किती मऊ होते!

प्रत्येक पानाच्या माथ्यावर ‘श्रीराम’ लिहिलेलं होतं. थोरल्याची सवय. पाच-सहा ठिकाणी मात्र अक्षर वेगळं दिसलं, म्हणून मी बोट ठेवून विचारलं.

धाकटा ओशाळला. “रात्री पान संपायचं. दादा सकाळी कोरा माथा बघून खट्टू झाला असता. म्हणून मीच लिहायचो.”

थोरल्याने वही ओढून घेतली आणि ती पानं एकेक करून पाहिली. त्याला हे ठाऊकच नव्हतं. बऱ्याच वेळाने म्हणाला, “त्या दिवशी कावळा येईना, तेव्हा मी हात जोडून अण्णांना शब्द दिला. आईला सांभाळीन म्हणालो. तरी येईना. मग म्हणालो, धाकट्यालाही अंतर देणार नाही. तरी नाही आला. शेवटी दर्भाचा कावळा करावा लागला.”

पायऱ्यांवरून हे ऐकू आलं नव्हतं.

“अण्णांना माहीत होतं,” धाकटा म्हणाला, “तू पाळणार नाहीस ते.”

आई आधी हसली. मग तिघेही.

इथून पुढचं काम कष्टाचं आणि कंटाळवाणं होतं, ते थोडक्यात सांगते. चार बैठका एकच नियम: उत्तर देण्याआधी भावाचं म्हणणं त्याला पटेल अशा शब्दांत सांगून दाखवायचं. थोरल्याला ते फार जड गेलं. मतं तसूभर बदलली नाहीत, आणि ती बदलावीत असा माझा प्रयत्नही नव्हता. वर्षश्राद्धाला थोरला पूजेला बसला. धाकटा बसला नाही, पंगतीत वाढायला होता. तेच नातेवाईक पुन्हा बोलायला लागले तेव्हा थोरला म्हणाला, “चौदा महिने रात्री कोण जागलं ते मला ठाऊक आहे.” ‘गप्प बसायचं का’ असं विचारणाऱ्यांना मी हे वाक्य आवर्जून सांगते. गप्प कुठे बसायचं आणि कुठे मुळीच बसायचं नाही, हे दोन्ही भावांना कळलं होतं. (मारहाण, धमक्या किंवा रोजची मानहानी असेल तिथे मात्र ही वाट चालत नाही. तिथे आधी सुरक्षितता.)

अण्णांची हवेची गादी माळ्यावर पडून होती. धाकट्याच्या कारखान्यातल्या एका सहकाऱ्याचे वडील, जुन्या नाशकातले, पक्षाघाताने पडले होते. सुधारतील, अशी घरच्यांना फार आशा होती. दोघे भाऊ गादी पिकअपमध्ये घालून घेऊन गेले. घरातून नमाजची वेळ झाल्याची हाक आली, तसा सहकारी म्हणाला, “पाच मिनिटं बसा, अब्बांजवळ कुणी तरी हवं.” तो परत आला तेव्हा थोरला म्हाताऱ्याच्या खांद्याखाली हात घालून होता आणि धाकटा घड्याळ बघत सुनेला सांगत होता, “आत्ता डावी केलीये. साडेसातला उजवी. वही आहे का घरात एखादी?”