डिझेल फिल्टर घरीच बदलल्यावर बोलेरो दोन मिनिटं चालून बंद पडते, यवतमाळला टोचन करून न्यावी का?

टोचनची घाई नको भाऊ. ९० टक्के शक्यता हीच, की डिझेलच्या लाइनीत एअर (हवा) धरली आहे. सुरू होते ती पंपात उरलेल्या डिझेलवर, ते संपलं की बंद.

आधी फिल्टर काढून बघा. जुनं रबर वॉशर वरच्या हाउसिंगला चिकटून राहतं आणि त्यावर नवं बसतं. ही चूक फार होते. जुनं खरवडून काढा, नव्याला बोटाने डिझेल लावा. फिल्टर हातानेच आवळा, पाना लावून नाही. खालचा पाण्याचा सेन्सर जुन्यावरून नव्यावर घेतला असेल तर त्याची ओ-रिंगही तपासा.

मग एअर काढा. ब्लीड स्क्रू (हवा बाहेर सोडायचा स्क्रू) असेल तर सैल करा आणि रबरी प्रायमर (डिझेल पुढे ढकलणारा हातपंप) दाबत राहा. आधी फेस येईल, मग बुडबुडे. सलग डिझेल आलं की स्क्रू बंद करा आणि प्रायमर दगडासारखा कडक होईपर्यंत दाबा. सेल्फ एका वेळी १० सेकंदच मारा, मध्ये मिनिटभर थांबा, नाहीतर बॅटरी जाईल.

प्रायमर कडक होऊन पुन्हा मऊ पडत असेल, तर टाकीकडून येणाऱ्या पायपाच्या क्लिपा बघा. तिथे डिझेल गळत नाही, उलट हवा आत ओढली जाते. म्हणून बाहेरून सगळं कोरडं दिसतं.

गाडी सीआरडीई (कॉमन रेल डिझेल इंजिनची) असेल तर इंजेक्टरच्या लोखंडी पायपांचे नट सैल करू नका. तिथलं प्रेशर १००० बारच्या वर जातं, धार कातडीत घुसते.

आणि ट्रॅक्टरसाठी कॅनमध्ये ठेवलेलं डिझेल फिल्टरमध्ये ओतलं असेल, तर आधी तळाशी पाणी आहे का ते बघा.