देवदाराची रोपं इंदूरच्या उन्हाला सरावतील का?

तुम्ही विचारलंय, मनालीहून आणलेल्या बियांची देवदाराची रोपं इंदुरात गच्चीवर हळूहळू सरावतील का, कारण सूचिपर्णी झाडं बदलत्या हवामानाशी जुळवून घेतात असं तुम्ही वाचलंय. वाचलंय ते खरं, पण त्यात तुमच्या कुंडीतल्या रोपाचा वाटा फार थोडा.

हा उद्योग मीही करून बसलोय. इंदुरातच, रामबागेत आमच्या गच्चीवर सात रोपं बोटभर झाली आणि एप्रिल संपता संपता एकेक आडवं पडायला लागलं. आधी वाटलं, मर रोग, म्हणजे बुरशीने रोप कोलमडतं तो. पण तो ओल्या मातीत येतो, माझी माती तर तव्यासारखी तापलेली. भिंग लावलं तर खोड मातीला टेकतं नेमकं तिथे तपकिरी कडं, आणि वरच्या सुया अजून हिरव्यागार! मातीचा वरचा थर पन्नाशीच्या पुढे तापला की कोवळं खोड तिथेच भाजतं. मोठ्या झाडाला जाड साल असते, ह्याला काय?

उरलेल्या तीन रोपांवर हिरवी जाळी बांधली. पण पाणी वाचवायला रोप पर्णरंध्रं, म्हणजे पानांवरची बारीक छिद्रं, मिटून घेतं आणि कार्बन डायऑक्साइड आत येतो तोही तिथूनच. म्हणजे तहान टाळावी तर उपास. मुळं जरा खोल घालायची, सुया आखूड काढायच्या, इतपतच त्याच्या हातात.

खरी गंमत नॉर्वेतली. तिथल्या उत्तर भागातली स्प्रूसची, म्हणजे देवदारासारख्याच एका सूचिपर्णीची, झाडं दक्षिणेतल्या उबदार बीजबागांत नेली. त्यांच्या बियांची रोपं थंडीआधी वाढ थांबवून शेंड्याला कळी धरायची ती उशिरा, जणू दक्षिणेचीच! जनुकं आईबापांचीच, पण बी भरताना भ्रूणाला मिळालेली ऊब जनुकांच्या वापरावर खूण ठेवून गेली. गर्भसंस्कारांवर माझा काडीचा विश्वास नाही, पण स्प्रूसपुढे गप्प बसतो. अर्थात कळी उशिरा धरली आणि थंडी लवकर आली, तर कोवळा शेंडा गेलाच.

जनुकं बदलायची तर पिढ्या लागतात, आणि देवदार बी धरायलाच कित्येक दशकं घेतो. म्हणून कॅनडात ब्रिटिश कोलंबिया प्रांताने २०१८मध्ये नियम आणला, की लागवडीचं बी पुढे येणाऱ्या हवामानाचा अंदाज धरून निवडायचं. तुमचं बी मनालीच्या थंडीत भरलेलं. इंदूरच्या मे महिन्याची त्याला काय कल्पना?

तरी हौस असेल तर कुंडी पूर्वेच्या भिंतीशी न्या, मातीवर वाळक्या पानांचा दोन बोटं थर द्या, दहानंतरचं ऊन अडवा. माझं एक रोप असंच दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत पोचलं होतं.