वाचकांचे प्रश्न : ही पुस्तके कोणत्या वयाची?

प्रश्न : माझे वय ४६ आहे. मुलीने वाचायला आणलेल्या जपानी चित्रकथेचा, म्हणजे मंगाचा, एक खंड मी सहज चाळायला घेतला आणि तेव्हापासून प्रेमकथांच्या मंगा मी नेमाने वाचते. घरातले हसतात. ‘सोळा वर्षांच्या मुलींची पुस्तके या वयात?’ असे विचारतात, आणि मला उत्तर सुचत नाही. कादंबऱ्या मी आयुष्यभर वाचल्या आहेत, पण ही ओढ निराळी आहे. हे पोरकटपणाचे लक्षण आहे का?

उत्तर : मुळीच नाही. शिवाय ही सगळी पुस्तके सोळा वर्षांच्या मुलींसाठी असतात, हा समजच चुकीचा आहे. जपानमध्ये मंगा कोणासाठी आहे हे प्रामुख्याने ती ज्या मासिकात क्रमशः येते त्या मासिकाच्या वाचकवर्गावरून ठरते. मुलींच्या मासिकांतली ती ‘शोजो’ आणि प्रौढ स्त्रियांच्या मासिकांतली ती ‘जोसेई’. ‘बी लव्ह’ हे प्रौढ स्त्रियांसाठीचे नियतकालिक १९८० साली सुरू झाले, ‘किस’ १९९२ साली. मुलींसाठीच्या मंगा पूर्वी बहुतांशी पुरुष काढीत असत. १९७०च्या दशकात मोतो हागिओ, केइको ताकेमिया यांच्यासारख्या, १९४९च्या आसपास जन्मलेल्या चित्रकर्तींनी त्यांचे रूप पालटले, आणि त्या वाचत मोठ्या झालेल्या मुलींनी वय वाढले म्हणून वाचन सोडले नाही. त्यांच्याबरोबर मंगाही वयाने वाढली.

आता तुमच्या ओढीविषयी. माझ्या मते तिचे मूळ देखण्या नायकात नाही, तर या चित्रकथा मनातल्या एका क्षणाला जेवढा वेळ देतात त्यात आहे. तुमच्या हातातल्या खंडातले असे एखादे पान पुन्हा उघडून पाहा. दोघे फलाटावर उभे आहेत. पहिल्या चौकटीत तिची बोटे पिशवीच्या बंदावर घट्ट आवळलेली आहेत, दुसरीत नुसते त्याचे बूट आहेत, तिसरीत रिकामे आकाश. कोणीच काही बोललेले नाही. मग चौकटींच्या रेषा संपतात आणि पांढऱ्या मोकळ्या जागेत, बोलण्याच्या फुग्याबाहेर, तिच्या मनातले एकच वाक्य तरंगते : ‘गाडी आजच वेळेवर का यावी?’ कादंबरीत हे एका ओळीत उरकले असते. येथे त्या दोन श्वासांसाठी अख्खे पान खर्ची पडते आणि पान उलटायचे की तेथेच थांबायचे, हे वाचकाच्या हाती राहते. जपानी चित्रकथेत शांततेलाही उच्चार आहे. जेथे कसलाच आवाज नाही तेथे ‘शीऽन’ अशी अक्षरे काढतात. हृदयाच्या धडधडीला ‘दोकी दोकी’ म्हणतात, हे तुम्हाला एव्हाना पाठ झाले असेल.

ज्या बाईचा दिवस इतरांना काय हवे, काय खुपले, कोण का रुसले हे ओळखण्यात जातो, तिला स्वतःच्या मनाची घालमेल निवांतपणे पाहायला फारशी कधी मिळत नाही. या पानांवर एका सामान्य स्त्रीची घालमेल रेघेरेघेने, कसलीही घाई न करता पाहिलेली असते. सोळाव्या वर्षी आपण नायक केव्हा होकार देतो याची वाट पाहत वाचतो. ४६व्या वर्षी त्या वाट पाहण्याचेच मोल कळलेले असते. म्हणून तुमची ओढ मुलीच्या ओढीहून वेगळी आहे आणि माझ्या मते अधिक जाणती आहे.

एक छोटी गोष्ट मुद्दाम सांगते. जपानीत ओळखीची माणसे एकमेकांना आडनावापुढे ‘सान’ लावून हाक मारतात. कित्येक कथांत अनेक प्रकरणे उलटल्यावर नायक प्रथमच नुसते नाव घेतो आणि तेवढ्यावर ते प्रकरण संपते. ‘अहो’वरून ‘अगं’वर आलेला आवाज ज्यांनी कधी कानांनी ऐकला आहे, त्यांना हा प्रसंग समजावून सांगावा लागत नाही.

शिवाय जोसेई मंगा प्रेम जमल्यावर थांबतेच असे नाही. त्सुनामी उमिनो यांची ‘निगेहाजी’ या लघुनामाने ओळखली जाणारी मालिका २०१२ साली ‘किस’मध्ये सुरू झाली. तिची नायिका उच्चशिक्षित पण बेकार आहे. एका गृहस्थाकडे ती पगारी घरकाम करू लागते आणि पुढे त्याच्याशीच कराराने लग्न करते. दोघांत खरे प्रेम उपजल्यावर तो रीतसर मागणी घालतो खरी, पण लग्न झाले की पगार द्यावा लागणार नाही, असा हिशेबही मांडतो. प्रेमाच्या नावाखाली हे शोषण होईल, असे ती त्याला स्पष्ट सुनावते. प्रेमकथेच्या ऐन मध्यावर घरकामाच्या मोलाचा प्रश्न इतक्या सरळपणे मांडणारी पुस्तके पोरकट कशी म्हणावीत? घरातल्या हसणाऱ्यांच्या हाती आधी हीच मालिका द्या.

प्रश्न : मलाही या मंगा आवडतात, पण नायक नायिकेला भिंतीशी अडवून धरतो अशी चित्रे वारंवार येतात आणि खटकतात. आपणच जास्त विचार करतो आहोत का?

उत्तर : नाही, तुमचे खटकणे रास्त आहे. भिंतीवर हात आपटून वाट अडवण्याच्या या प्रसंगाला ‘काबे-दोन’ असे नाव आहे आणि २०१४च्या सुमारास तो शब्द जपानमध्ये सर्वांच्या तोंडी झाला होता. कागदावरचा धसका सुरक्षित असतो, म्हणून पुष्कळ जणींना तो आवडतो, आणि त्यात त्यांचे काही चुकते असे मी म्हणणार नाही. मात्र तिचा नकार ऐकूनही न थांबणाऱ्या नायकाला जी कथा शेवटी बक्षीस देते, ती मी स्वतः अर्ध्यावर मिटते. दोन-तीन खंडांत एकदा तरी नायक काही विचारून उत्तरासाठी थांबतो का, आणि त्या थांबण्याला चित्रकर्तीने किती चौकटी दिल्या आहेत, हे मी आधी पाहते. त्या सापडल्या की पुढचे खंड बिनधास्त मागवते.