लॅपटॉप दिवसभर चालू ठेवला तर खराब होतो का?

नुसता चालू ठेवल्याने प्रोसेसर किंवा एसएसडी (डेटा साठवणारी चिप) झिजत नाही. झिजतात तीन गोष्टी: बॅटरी, पंखा आणि थर्मल पेस्ट, म्हणजे प्रोसेसरची उष्णता बाहेर काढायला लावलेला लेप. तिघांचाही शत्रू एकच, उष्णता.

सगळ्यात आधी बॅटरी. चार्जर कायम लावलेला असला की ओव्हरचार्ज होत नाही, ते सर्किट थांबवतं. पण 100 टक्क्यांवर लिथियम सेल साधारण 4.2 व्होल्टवर ताणलेला राहतो, त्यात खालून गरम हवा, म्हणून क्षमता लवकर घटते. कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये किंवा बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होतानाच्या मूळ सेटिंग्जमध्ये) चार्जची मर्यादा 80 टक्के करून टाका. दर महिन्याला शून्यावर आणायचा जुना सल्ला विसरा, तो जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांच्या जमान्यातला आहे. टचपॅड वर उचलल्यासारखा वाटला किंवा झाकण नीट बसेना, तर बॅटरी फुगली आहे. त्याच दिवशी वापर बंद. ती दाबायची नाही, टोचायची तर मुळीच नाही.

गादीवर किंवा उशीवर ठेवू नका, खालची जाळी बुजते. काहीही काम नसताना तापमान 70 अंशांच्या वर राहत असेल तर आत धूळ साचली आहे असं समजा. बहुतेक वेळा पंखा आणि हीटसिंकच्या (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागाच्या) पात्यांमध्ये तिचा चक्क नमद्यासारखा थर बसलेला असतो. लॅपटॉप बंद करून हवा मारा, पण पंख्याचं पातं टूथपिकने अडवून. मोकळा भन्नाट फिरला तर बेअरिंग जातं.

रात्री स्लीप चालेल. बॅगेत टाकताना मात्र शटडाउनच.