मणगण्यात तिरफळ चालतं, चॉकलेट नाही

तुम्ही विचारलंय की आजी करायची ते मणगणं (चणाडाळ-साबुदाण्याची नारळाच्या रसातली खीर), पातोळ्या (हळदीच्या पानात वाफवलेल्या), धोंडस (काकडीचा केक) आता घरातली मुलं तोंडाला लावत नाहीत. तर त्यात चॉकलेट, बिस्कॉफ (खरपूस बिस्किटं), माचा (जपानी हिरव्या चहाची पूड) असलं काही घालून आजच्या चवीचं करता येईल का, आणि गोव्यातल्या कुणी करून पाहिलंय का.

करून पाहिलंय. त्यावरून घरात वाजलंही आहे. म्हणूनच लिहायला बसलोय, नाहीतर पाककृती सांगत बसण्याची मला हौस नाही.

चॉकलेटचं आधी निकालात काढतो. चॉकलेट घातलं की मणगणं असो, पातोळी असो की पुरणपोळी, लागतं ते चॉकलेटच. मग आजीला मध्ये कशाला ओढायचं? सरळ चॉकलेटचा केक करा, मुलं खूश आणि तुम्ही मोकळे. बाहेरची चव आणायचीच असेल तर अशी आणा की तिच्यामुळे नारळ, गूळ, हळदीचं पान यांची चव वर येईल. ते जमत असेल तर खुशाल काहीही घाला, कुणाच्या बापाला विचारू नका. आमच्या वहिनींना तर मुळीच नाही.

आता वहिनींचं सांगतो. आमचं मूळ घर फोंडा तालुक्यात, कुळागराला, म्हणजे माड-पोफळीच्या बागेला, लागून. एरवी घरात माणसं मोजकी. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, मात्र मुंबई, पुणे, बेळगाव सगळीकडचे येतात आणि रात्री वसरीवर (ओसरीवर) अंग टाकायला जागा राहत नाही. आई गेल्यापासून नैवेद्याचं गोड माझ्याकडे आहे. पुरुषाने चुलीपुढे बसणं आमच्याकडे नवीन नाही, काकाही सोवळ्यात स्वयंपाक करायचे. तर मुंबईच्या वहिनी, म्हणजे चुलतभावाची बायको. बाई प्रेमळ, हाताला सढळ, पण स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभ्या राहिल्या की त्यांच्या तोंडून पहिलं वाक्य येतं ते "आईंच्या वेळी असं नव्हतं हं."

त्या वर्षी मी मणगण्यात वेलची घातलीच नाही. तिरफळ घातलं, बांगड्याच्या आमटीत पडतं ते रानातलं मसाल्याचं फळ.

मणगणं सगळ्यांना माहीत आहे असं धरून चालतो, पण दोन गोष्टी सांगतोच, कारण त्या चुकवूनच लोक "मुलांना आवडत नाही" म्हणतात. चण्याची डाळ बोटात धरली तर चुरडावी, पण पातेल्यात दाणा अख्खा दिसावा, इतपत शिजवायची. गूळ त्यानंतर. आधी गूळ पडला की डाळ आखडते, मग कितीही वेळ चुलीवर ठेवा, मऊ होत नाही. भिजवलेला साबुदाणा नारळाच्या पातळ रसात काचेसारखा दिसेपर्यंत शिजवायचा, हळदीच्या पानाला गाठ मारून ते त्यातच सोडायचं, मग काजू, मग माडाचा काळा गूळ. पहिला दाट रस अगदी शेवटी, आणि तो पडल्यावर उकळी येऊ द्यायची नाही. कडेला बारीक बुडबुडे दिसले की पातेलं खाली.

तिरफळाचं असं. वाळलेल्या तिरफळाची काळी बी टाकून द्यायची, कामाचं असतं ते वरचं टरफल. लिटरभर रसाला सात-आठ टरफलं पुरतात. ती कोमट तव्यावर हलवून घ्यायची, हातानेच चुरडायची, फडक्यात पुरचुंडी बांधून कोमट दाट रसात पंधरा मिनिटं ठेवायची आणि काढून टाकायची. कुटून आत घालू नका. असा मुरवलेला रस हुंगून पाहा. लिंबाची साल आणि पाऊस पडून गेल्यावरचं रान, दोन्ही वास येतात. घास गिळल्यावर जिभेच्या शेंड्याला जरा झिणझिण्या येतात आणि काळ्या गुळाचा जडपणा एकदम उतरतो. आजकालचे हॉटेलवाले असल्या चवीसाठी सिचुआन मिरी मागवतात. ती तिरफळाचीच भावकी. आपल्या रानातलं झाड सोडून तिकडची मिरी कशाला मागवायची, हे मला अजून कळलेलं नाही.

पंगत बसली, पानं वाढली. वहिनींनी पहिला घास घेतला आणि मोठ्याने विचारलं, "हे काय भावोजी, मणगण्याला बांगड्याचा वास कसा?"

सगळी पंगत माझ्याकडे पाहू लागली. थोरल्या भावाने वाटी नाकाशी नेली. "कितें घाल्लां रे हातूंत?"

म्हटलं, तेफळां, म्हणजे तिरफळं.

"नैवेद्यात?" वहिनी.

म्हटलं, वहिनी, तुमच्या पानात डाव्या हाताला काय वाढलंय? खतखतं होतं, म्हणजे सगळ्या भाज्यांची एकत्र भाजी. चवथीचं खतखतं तिरफळाशिवाय होतं का? मग एका वाटीतलं तिरफळ देवाला चालतं आणि दुसऱ्या वाटीतलं चालत नाही, हे कुणी ठरवलं? बांगड्याचा वास तिरफळाला येत नाही. तुम्ही तिरफळ फक्त बांगड्यात खाल्लंय, म्हणून तुम्हाला बांगडा आठवतो.

"ते वेगळं," वहिनी म्हणाल्या. "परंपरा म्हणून काही असते की नाही?"

हा शब्द निघाला की माझं डोकं फिरतं. मणगण्यातला काजू ब्राझीलचा, पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात आणलेला. साबुदाणा होतो तो कसावाच्या कंदापासून. तो कंदही दक्षिण अमेरिकेचा. बरं, आपण आज खातो तो साबुदाणा तामिळनाडूत सेलमला तयार व्हायला लागला १९४० च्या दशकात. महायुद्धामुळे मलायाकडचा माल बंद पडला तेव्हा. त्याआधीचा साबुदाणा सागो नावाच्या ताडाच्या गाभ्यातून निघायचा, ती वस्तूच निराळी. म्हणजे 'पारंपरिक' मणगण्यातून काजू आणि साबुदाणा काढला तर डाळ, गूळ आणि नारळ एवढंच उरतं. पणजीआजीच्या पातेल्यात काय होतं हे वहिनींना ठाऊक नाही आणि मलाही नाही. आपण 'आईंची चव' म्हणतो ती आईने आपल्या काळात मिळेल ते घालून केलेली चव. तिरफळ तर पणजीआजीच्याही आधी इथल्या डोंगरावर होतं.

हे सगळं मी पंगतीत बोललो नाही. पंगतीत बोललो ते वेगळंच, आणि इथे लिहिण्यासारखं नाही.

ज्या वहिनी मला परंपरा शिकवतात, त्या मुंबईत मणगणं कसं करतात तेही ऐका. नारळ खवायला वेळ नसतो म्हणून गाईचं दूध आणि कंडेन्स्ड मिल्कचा डबा. एकदा त्यांच्याकडे गेलो असताना समोर आलेलं मणगणं फाटलेलं होतं, वर पाणी आणि खाली चोथा. उकळत्या दुधात गूळ पडला की हे व्हायचंच, गुळात आंबटपणा असतो, त्याने दूध नासतं. नारळाच्या रसाचं तसं होत नाही, म्हणून तर आपल्या किनाऱ्यावर गूळ आणि नारळ यांची जोडी जमली. पण त्या डब्याला कुणी नाव ठेवत नाही, कारण तो गोड आहे. तुम्हीही हे लक्षात ठेवा: दूध, क्रीम, कंडेन्स्ड मिल्क घालायचंच असेल तर गूळ वेगळा वितळवा, पूर्ण गार करा आणि मग मिसळा.

आतेने त्या दिवशी वाटी पुसून खाल्ली आणि "आनीक इल्लें वाड रे" म्हणून पुन्हा मागून घेतलं, हे सांगायचं राहिलं. वर ती असंही म्हणाली की पुढच्या वेळी थोडी वेलची घाल. वहिनींनी यातलं दुसरं वाक्य तेवढं पाठ केलंय.

वेलचीबद्दल माझं मत कडक आहे. शिरा, बासुंदी, पुरण, लाडू, खीर, नेवऱ्या (करंज्या), सगळ्यांत वेलची. उरलंसुरलं असेल त्यात जायफळ. डोळे मिटून वास घेतला तर कुठला पदार्थ समोर आहे ते ओळखता येत नाही. मुलांना जुनं गोड कंटाळवाणं वाटतं त्याचं अर्धं कारण हे आहे. नवं काय घालू असं विचारण्याआधी एकदा वेलची काढून बघा. हळदीच्या पानाचा वास पहिल्यांदाच आल्यासारखा वाटेल.

आता पातोळ्या. पातोळीत सगळा खेळ पानाचा. तांदळाचं वाटण गोड न लागणारं, चून (आतलं गूळ-खोबऱ्याचं सारण) गोड, आणि वाफेने पानाचं तेल दोन्हींत उतरतं. त्यात चॉकलेटचे तुकडे भरले तर ते हाताच्या उबेनेही वितळणारे, वाफेत पानाच्या शिवणीतून वाहून खाली पाण्यात जातात आणि मोदकपात्र घासत बसावं लागतं. वाटण बदलू नका, चुनात काय ते करा. फणसाची साठं (रस वाळवून केलेल्या पोळ्या) असतील तर बारीक चिरून चुनात घाला, फार सुंदर लागतं. भाजलेले तीळ आणि किसलेलं आलंही चालतं. आमचे ख्रिस्ती शेजारी १५ ऑगस्टला, सायबिणीच्या फेस्ताला (मारियामातेच्या सणाला) पातोळ्या करतात आणि आमच्याकडे पाठवतात. आम्ही नागपंचमीला करून त्यांच्याकडे पाठवतो. पदार्थ एकच, पण दोन घरांच्या चुनाची चव एक नसते, आणि कुणी कुणाला परंपरा शिकवत नाही.

हळदीचं पान पावसाळ्यातच मिळतं. पुसून, गुंडाळून फ्रीझरमध्ये ठेवलं तर लवचीकपणा जातो, वास राहतो. उन्हाळ्यात तेच पान नारळाच्या रसात मुरवा, माडाचा गूळ घाला, चायना ग्रासने (समुद्री शेवाळाच्या जेलीने) वाट्यांत जमवा आणि थंड द्या. माझी पुतणी हे मिटक्या मारत खाते, आणि तिला मणगण्याचं नाव काढलं तरी शहारा येतो. त्यावर अननस घालायचा असेल तर चालेल, पण जिलेटीन वापरणार असाल तर अननस आधी शिजवून घ्या. कच्च्या अननसातलं ब्रोमेलिन जिलेटीन जमूच देत नाही, सकाळपर्यंत वाटीत सरबत असतं.

धोंडसाला फार हात लावू नका. पिकलं तवशें (मोठी काकडी), रवा, गूळ, खोबरं आणि खालीवर निखारे. संत्र्याची साल किसून घातली तर छान लागते. ओव्हनमध्ये करत असाल तर भांड्याला केळीचं किंवा हळदीचं पान लावा आणि कड चांगली काळपट होऊ द्या. तो करपटपणाच मुलांना आवडतो, फिकट पिवळं धोंडस म्हणजे आजाऱ्याचा सांजा.

बेबिंकाचं, म्हणजे थरांच्या गोवन केकचं, तुम्ही विचारलेलं नाही आणि मी करतही नाही. २०२३ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं, आणि तरी प्रत्येक हॉटेलात ती गरम करून आइस्क्रीमच्या गोळ्याबरोबर देतात. कुणाची परंपरा बुडालेली दिसली नाही. वहिनीसुद्धा दर वेळी मागवतात.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. तिरफळ लहान मुलांना नको, झिणझिण्यांनी घाबरतात. आणि प्रमाण दुप्पट केलं तर वहिनी म्हणतात ते खरं होईल. बाजारात काळा गूळ म्हणून मिळतो त्यात साखर मिसळलेली असू शकते. अस्सल माडाचा गूळ जिभेला जरा खारट लागतो आणि पावसाळ्यात उघडा राहिला की पाझरतो. रेंदेराच्या (माडाची सूर काढणाऱ्याच्या) ओळखीतून मिळाला तर उत्तम. आणि काळा गूळ 'आरोग्याला चांगला' म्हणून मधुमेही माणसाला वाढू नका, साखर ती साखरच.

माचा नको. हिरवा, कडवट वास हवा असेल तर हळदीचं पान आहेच, ते फुकट मिळतं.

राहिलं बिस्कॉफ. ते म्हणजे जळत्या साखरेची आणि दालचिनीची चव, दुसरं काही नाही. माडाचा गूळ थोडं पाणी घालून कढईत जरा काळसर होईपर्यंत आटवा, दालचिनीचा तुकडा टाका, चिमूटभर मीठ. हे मणगण्यावर चमचाभर सोडा आणि मुलांना काय घातलंय ते सांगू नका. वहिनींना मी अजून सांगितलेलं नाही.